पुन्हा फ्यूज उडाला

मी गुरांची डॉक्टर. शेवगाव तालुक्यातल्या एका लहान सरकारी दवाखान्यात माझी नेमणूक आहे आणि आजूबाजूची अकरा गावं माझ्याकडे येतात. दवाखाना संध्याकाळी बंद होतो, काम बंद होत नाही. दिवाळी झाली की या भागातली तरणी माणसं ऊसतोडीला जातात. घरी म्हातारा-म्हातारी राहतात आणि त्यांच्या जिवावर सोडलेली एखादी गाय, नाहीतर म्हैस. जनावरानं सकाळपासून चाऱ्याला तोंड लावलेलं नसलं तरी ही माणसं दिवसभर वाट बघतात. मॅडमला कशाला त्रास, म्हणतात. दिवस कलला की मात्र त्यांचा धीर सुटतो आणि फोन येतो. त्यामुळे थंडीत माझं निम्मं गाडी चालवणं अंधारातच होतं.

गाडी माझ्या सासऱ्यांची. आम्ही त्यांना नाना म्हणतो. पाटबंधारे खात्यात होते तेव्हा त्यांनी ही पांढरी छोटी गाडी नवी घेतली आणि पंधरा-सोळा वर्षं स्वतः चालवली. साखरेनं डोळे अधू झाले तेव्हा किल्ली माझ्या हातात आली. गाडी मात्र त्यांचीच राहिली. मी परत आले की ते ओट्यावरून उठतात, गाडीभोवती एक फेरी मारतात, पत्र्यावरून हात फिरवत जातात. कुठं चरा लागला असला तर डोळ्यांना दिसण्याआधी बोटांना कळतो, आणि मग चौकशी सुरू होते.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी मी गाडी सर्व्हिसिंगला दिली. गॅरेजवाल्यानं ऑइल बदललं, ब्रेक बघितले, आणखी काय काय केलं आणि काढलेलं जुनं सामान एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून सीटखाली ठेवून दिलं. त्यानंतर चार-पाच दिवसांनी एका वस्तीवर गाईची पोटफुगी उतरवून मी परत निघाले, हेडलाइट लावले, आणि समोरचं मीटर काळंठिक्कर. रस्ता दिसत होता, पण वेग किती, पेट्रोल किती, काही कळेना. सगळ्यात काळजी इंजिनाच्या गरमीची. या गाडीचा रेडिएटर जुना आहे, तो काटा सारखा बघावाच लागतो. मोबाईलचा उजेड मीटरवर पाडत, एका हातानं गाडी चालवत घर गाठलं.

नानांना सांगितलं. ते म्हणाले, माझ्या हातात होती तोवर या गाडीचा एक दिवा कधी गेला नाही.

तेव्हा मी हसून सोडून दिलं. पुढच्या दोन महिन्यांत हेच वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की ते यायच्या आधीच माझ्या कपाळावर आठी यायची.

पहिला इलाज त्याच गॅरेजवाल्यानं केला. त्यानं स्टिअरिंगखाली हात घातला, कसलीशी खुटखुट केली आणि दिवे लागले. फ्यूज गेला होता, म्हणाला. मी आभार मानून निघाले. दुपारी एका गावात लसीकरण होतं, ते आटपून दिवेलागणीला परत फिरले तर पुन्हा अंधार. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे गेले तर तो म्हणाला, आता मीटर खोलावं लागेल, ते माझं काम नाही, वायरिंगवाल्याकडे जा.

वायरिंगवाला बाजारतळाजवळ बसायचा. त्यानं अख्खं मीटर बाहेर काढलं. जुने पिवळे दिवे काढून टाकले आणि मला न विचारता निळे एलईडी बसवले. लावून दाखवले तेव्हा गाडीत बसल्यावर मिठाईच्या दुकानात आल्यासारखं वाटत होतं. ते एक वेळ चाललं असतं, पण गावाबाहेर पडले तर वेगाचा काटा शून्यावरून हलेना. मीटर परत बसवताना त्यानं मागची केबल नीट लावली नव्हती. परत गेले, त्यानं केबल लावली. त्याच संध्याकाळी एका नुकत्याच व्यालेल्या म्हशीची वार अडकली होती, ती काढून मी गाडीत येऊन बसले. काटा चालू होता, निळे दिवे गेले होते.

मी त्याला फोन केला तर तो विचारायला लागला, मॅडम, तुमी काही बटनं दाबली का? मी म्हटलं, मी लाइटचं बटन दाबलं, ते दाबायचं नसतं का?  तो म्हणाला, साहेबांना घेऊन या एकदा, त्यांना नीट समजावून सांगतो.

साहेब म्हणजे माझे यजमान. ते संभाजीनगरला नोकरीला आहेत, शनिवारी येतात, रविवारी जातात. त्यांना गाडीतलं ओ की ठो कळत नाही आणि त्याचं त्यांना काही वाटतही नाही. त्यांचा सल्ला एकच, विकून टाक. मी म्हटलं, तुम्हीच सांगा नानांना. तेव्हा ते वर्तमानपत्र वाचायला लागले.

मग नगरच्या एका मोठ्या गॅरेजला गाडी नेली. त्यासाठी रजा टाकली. तिथं काचेच्या खोलीत बसवलं, चहा दिला, आणि तीन तासांनी एका टापटीप माणसानं येऊन सांगितलं, की पूर्ण मीटरच बदलावं लागेल, आणि या मॉडेलचं मीटर आता येत नाही. मी विचारलं, फ्यूज का उडतो ते बघितलं का? तो म्हणाला, गाडी जुनी झाली की असं होतं. माझ्याकडे एखादा शेतकरी म्हातारी गाय घेऊन आला आणि मी तपासल्याशिवाय सांगितलं, गाय म्हातारी झाली की असं होतं, तर तो मला दवाखान्यातून बाहेर पडू देणार नाही.  जाताना त्यांनी नवा फ्यूज घालून दिला होता. साठ-पासष्ट किलोमीटर गाडी व्यवस्थित दिव्यांसकट घरी आली आणि मला वाटलं, टळलं एकदाचं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा तेच.

खरी भीती काय ती त्याच आठवड्यात कळली. एका म्हातारीची शेळी सुटत नव्हती. दोन्ही करडं जिवंत निघाली, म्हातारीनं बळेच चहा पाजला आणि मी निघाले तेव्हा चांगलंच अंधारलं होतं. पुढं उसाची ट्रॉली चालली होती म्हणून मी वेग कमी केला. तेवढ्यात मागून ब्रेकचा कर्कश आवाज आला. आरशात नुसता पांढरा झगझगाट. एक दुधाचा टेम्पो माझ्या गाडीच्या मागच्या काचेपासून हातभर अंतरावर येऊन थांबला होता. आत कॅन एकमेकांवर आदळल्याचं मला ऐकू आलं.

ड्रायव्हर उतरला. पन्नाशीचा माणूस, या रस्त्यानं रोज जाणारा. मला वाटलं आता शिव्या देणार. तो माझ्या काचेशी आला, त्यानं वाकून आत बघितलं. मग म्हणाला, "मॅडम, मागं लाल दिवा न्हाई तुमच्या गाडीला. एकबी न्हाई. मला गाडीच दिसली न्हाई वं."

मी खाली उतरून मागं गेले. खरंच, दोन्ही लाल दिवे बंद. म्हणजे मीटरचे आणि मागचे दिवे एकाच फ्यूजवर होते. मीटर अंधारलं की मागूनही मी दिसेनाशी होत होते. असे किती दिवस, किती संध्याकाळी मी या रस्त्यावरून गेले होते. तीन जणांनी गाडी बघितली होती आणि एकानंही मागं जाऊन दिवे पाहिले नव्हते. मीही पाहिले नव्हते. आपल्या गाडीचे मागचे दिवे आपल्याला कधी दिसत नाहीत. भीती ओसरल्यावर मला इतका राग आला की रस्त्याच्या कडेला उभी राहून मी रडले. तो ड्रायव्हर टेम्पोचे दिवे लावून घरापर्यंत माझ्या मागं मागं आला. जाताना त्यानं शेवगावातल्या एका म्हाताऱ्या इलेक्ट्रिशियनचा पत्ता सांगितला. सगळे त्याला चाचा म्हणतात, म्हणाला, पण त्याच्याकडं लई टाइम लागतो.

टाइम माझ्याकडे नव्हता. मी दुकानातून फ्यूजचं पाकीट आणलं आणि स्वतःच बदलायला शिकले. स्टिअरिंगखाली एक झाकण आहे, त्यात रंगीत फ्यूजच्या रांगा. बोटं आत जात नाहीत, म्हणून मी रक्तवाहिनी धरायचा चिमटा वापरायची. पाठीवर झोपून, डोकं ब्रेकच्या पायडलखाली घालून, तोंडात टॉर्च. नाना ओट्यावरून बघायचे. एकदा म्हणाले, "डॉक्टरीणबाई, फ्यूज असा रोज उडत नसतो. गाडी हातात बसावी लागते." रागात असले की ते मला डॉक्टरीणबाई म्हणतात. मी तोंडातली टॉर्च काढली नाही, म्हणून उत्तर द्यायचं राहून गेलं. बरंच झालं.

दोन आठवड्यांत पाकीट रिकामं झालं. दुसरं आणलं.

मग माझ्या भाचीचं लग्न आलं, राहात्याला. मी आठ दिवस रजा घेतली. नाना, सासूबाई आणि मी गाडीनं गेलो, तिथं चार दिवस माणसांची ने-आण केली, हळदीच्या दिवशी तर अंधारात दहा फेऱ्या झाल्या, आणि दिव्यांना काही झालं नाही. परत आलो तरी काही नाही. रजा संपली. पहिल्याच दिवशी एका वस्तीवर गेले, वासराला सलाइन लावलं, येऊन गाडी सुरू केली आणि मीटर काळं.

मी तिथंच बसून राहिले. रजेत चालतं आणि कामावर चालत नाही, म्हणजे मी कामावर असं काहीतरी करते जे रजेत करत नाही. जनावराच्या मालकाला मी पहिलं हेच विचारते, की काल काय वेगळं खाल्लं, कुठं चरायला नेलं. गाडीच्या बाबतीत मला ते दोन महिने सुचलं नव्हतं. रस्ते तेच होते, अंधार तोच होता. काय वेगळं, ते मात्र मला काही केल्या सापडेना.

शनिवारी दवाखाना आटपून मी चाचांकडे गेले. शेवगावात रस्त्याच्या कडेला एक टपरी, तिच्यापुढं लिंबाच्या सावलीत दोन स्टुलं. चाचा सत्तरीचे, पांढरी दाढी, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा. त्यांनी गाडीला हात लावला नाही. आधी मला बसवलं आणि सगळं सांगा म्हणाले. मी सांगितलं, अगदी लग्नापर्यंत. माझा आवाज चढत चालला होता हे मला कळत होतं. ते मान हलवत ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, कामावर गेल्यावर तुम्ही गाडीपाशी काय काय करता, हातानं करून दाखवा.

मला ते पोरकट वाटलं. तरी केलं. गाडी थांबवली, उतरले, मागं गेले, डिकी उघडली, औषधांची पेटी काढली, गमबूट काढले, डिकी लावली. या डिकीला जोरात आपटल्याशिवाय कुलूप बसत नाही. मी आपटली.

चाचांनी गाडीचे दिवे आधीच लावून ठेवले होते. डिकी आपटली तशी लाल दिवे गेले.

"हां," चाचा म्हणाले.

लग्नात आम्ही पिशव्या मागच्या सीटवर टाकल्या होत्या, नानांना डिकीत सामान ठेवलेलं आवडत नाही. कामावर मात्र ती डिकी दिवसातून दहा वेळा उघडते. नंबरप्लेटवरच्या लहान दिव्याची वायर छतातून डिकीच्या झाकणात जाते, बिजागरीजवळ एका रबरी नळीतून. चाचांनी ती नळी हलकेच ओढली आणि आतली वायर मला दाखवली. वर्षानुवर्षं दुमडून दुमडून तिचं आवरण तुटलं होतं आणि उघडी तार पत्र्याला टेकत होती. डिकी आपटली की ती टेकायची, दिवे चालू असले तर लगेच, नसले तर लावताक्षणी शॉर्ट व्हायचं आणि फ्यूज उडायचा. एवढंच. वीतभर वायर. त्यासाठी माझं मीटर दोनदा खोललं गेलं होतं, माझ्या गाडीत निळे दिवे आले होते आणि दुधाचा टेम्पो माझ्यावर येता येता राहिला होता.

पण चाचांचं बघणं संपलं नव्हतं. त्यांनी छताच्या कडेचं अस्तर थोडं सोडवलं आणि पुढं जाणाऱ्या वायरींचा जुडगा बाहेर ओढला. तो काळा पडला होता. चार वायरींची आवरणं वितळून एकमेकींना चिकटली होती. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि वास घेतला.

"हे आत्ताचं न्हाई मॅडम," ते म्हणाले. "लई जुनं जळलंय. तवा फ्यूज का न्हाई उडला? कुनीतरी फ्यूजच्या जागी तार घातली असनार."

तार जाड असली की शॉर्ट होऊनही ती तुटत नाही, हे त्यांनी मला समजावलं. दिवे चालू राहतात आणि त्याऐवजी वायर तापते. गाडीत माणसं बसलेली असतात, डोक्यावर छतात वायर तापत असते.

मला ती प्लास्टिकची पिशवी आठवली. सीटखालून ओढून काढली आणि गाडीच्या टपावर उपडी केली. जुना ऑइल फिल्टर, ब्रेकच्या झिजलेल्या पट्ट्या, आणि त्यांच्यात एक फ्यूज. त्याच्या दोन्ही पायांना तांब्याची तार गुंडाळलेली होती, मोटारपंपाच्या केबलमधली असते तशी. सर्व्हिसिंग करताना गॅरेजवाल्यानं ती काढून नवा फ्यूज घातला होता. काम त्यानं बरोबर केलं होतं, पण आपण काय काढलं ते सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून फ्यूज आपलं काम करायला लागला, म्हणून उडायला लागला. नानांच्या हातात एक दिवा गेला नव्हता, तो का गेला नव्हता हेही आता कळलं.

चाचांनी दोन दिवस गाडी ठेवून घेतली. छतातल्या सगळ्या वायरी नव्या घातल्या, डिकीतली नळी नवी बसवली आणि डिकी आपटावी लागू नये म्हणून तिचं कुलूपही थोडं सरकवून दिलं. निळे दिवे मी काढायला लावले.

घरी जाऊन नानांना कसं सांगायचं हे मी वाटेत ठरवत होते. समजुतीनं सांगायचं असं ठरलं होतं. पण ते ओट्यावरून उठले आणि म्हणाले, "झाली का नीट? मी सांगत होतो, हातानं बिघडते गाडी." मग मी काही समजुतीनं घेतलं नाही. तो तार गुंडाळलेला फ्यूज त्यांच्या तळहातावर ठेवला आणि सगळं सांगितलं, टेम्पोसकट. टेम्पोचं मी तोवर घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. छत पेटलं असतं नाना, म्हटलं. आई बसतात त्या सीटच्या वर.

नानांनी फ्यूज बोटांनी चाचपला. 

"मीच घातली होती," ते म्हणाले. "करंजी घाटात. तुझ्या सासूला दवाखान्यातून आणत होतो. धुकं होतं आणि मागचे दिवे गेले. डिकीत पंपाची केबल होती."

मग म्हणाले, "उद्या बदलू म्हटलं होतं."

मी विचारलं, मग का नाही बदलला. त्यांनी फ्यूज मुठीत धरला. आत गेले. जेवायला आले, पण माझ्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. सासूबाई मला म्हणाल्या, इतकं तोंडावर बोलायचं नव्हतं. मला पटलं आणि पटलंही नाही. दोन महिने मी तोंडावरच ऐकून घेतलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले तर नाना धोतर नेसून, टोपी घालून गाडीशेजारी उभे. म्हणाले, मला त्या माणसाकडे घेऊन चल, मला वायर बघायची आहे. मी म्हटलं, मला एका गावात जायचंय, गाय अडली आहे. ते म्हणाले, वाटेतच आहे. वाटेत नव्हतं, पण मी नेलं.

चाचांनी जुना जुडगा टाकून दिला नव्हता. त्यांनी तो नानांच्या हातात दिला. नानांना दिसत कमी, म्हणून ते एकेक वायर बोटांनी बघत गेले आणि चाचा सांगत गेले, ही नंबरप्लेटची, ही मागच्या दिव्यांची. वितळलेल्या जागेवर नानांचं बोट थांबलं. त्यांनी विचारलं, किती वर्षांचं असेल? चाचा म्हणाले, सात-आठ तरी. नानांनी मान हलवली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरीचं चुकलं नव्हतं."

चाचांना कोण पोरगी, काय चुकलं, काहीच माहीत नव्हतं. त्यांनी चहा सांगितला.

मला वाटलं आता निघू. पण नानांनी त्यांना विचारलं, पूर्वी डायनामो असलेल्या गाड्या तुम्ही दुरुस्त केल्यात का, आणि चाचा स्टूल ओढून बसले. मग पाटबंधाऱ्याच्या जीपचा विषय निघाला. ती जीप चाचांनी उमेदीच्या काळात कधीतरी उघडली होती, असं निघालं. मी घड्याळ बघत उभी. गाईच्या मालकाचे दोन फोन येऊन गेले. मी दोनदा म्हटलं, नाना, निघायचं का? दुसऱ्यांदा त्यांनी हातानं मला थांब म्हणून खूण केली, जशी कालव्यावरच्या मजुरांना करत असतील.

शेवटी त्यांना तिथंच सोडून मी गेले. गाईचं वासरू आडवं होतं, ते फिरवून काढायला दीड तास लागला. परत आले तेव्हा दोघं अजून तिथंच, दुसऱ्या की तिसऱ्या चहाचे पेले पायाशी, आणि नाना चाचांचं स्क्रूड्रायव्हरांचं खोकं मांडीवर घेऊन हातानं चाचपून मापाप्रमाणे लावून देत होते. मी हॉर्न वाजवला. त्यांनी वर पाहिलं नाही. मी हाताला लागलेलं वाळलेलं रक्त खरवडत गाडीत बसून राहिले, आणि पाच मिनिटांनी पुन्हा हॉर्न वाजवला.